रुंद पानांचें तण

शेतांत नको असतां जें उगवतें तें तण, अशी तणाची व्याख्या शेतकीच्या पुस्तकांतून सांपडते. ह्या व्याख्येंत वनस्पतीचें रूप, रंग, कुळ ह्यांपैकीं कांहींच येत नाहीं; येतें तें फक्त शेतकऱ्याचें नको म्हणणें. पुण्याकडील गव्हाच्या शेतांत आपोआप उगवलेला चाकवत तण ठरतो. तोच जुडी बांधून मंडईंत आला म्हणजे भाजी होतो आणि ताकांत शिजून पानांत पडतो. महाड-पोलादपूरच्या माळावरचा टाकळा गुराख्याला नकोसा असतो, आणि तोच टाकळा पावसाळ्याच्या आरंभीं दादरच्या बाजारांत गृहिणी घासाघीस करून विकत घेतात. तण कोणतें आणि भाजी कोणती हें ठरविणारा डोळा हजारों वर्षें मनुष्याचा होता. गेल्या सुमारें ऐंशी वर्षांत ह्या निवडीच्या कामांत एक रासायनिक भागीदार येऊन बसला आहे. त्याला निवडक तणनाशक म्हणतात. पिकाला धक्का न लावतां रुंद पानांचें तण मारावयाचें, हा त्याचा गुण. ही निवड कशावर चालते, आणि महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांच्या शेतींत ती कोठें उपयोगी पडते व कोठें घात करते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हे दोन तालुके रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. जिल्ह्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा होतें. सावित्री नदी महाबळेश्वराहून निघून पोलादपुरावरून महाडास येते. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. नदीकांठच्या सखल खाचरांत भात. वरच्या उतारावर, ज्या जमिनीला वरकस म्हणतात तेथें, नाचणी आणि वरी. त्याहून वर गवताचे माळ आणि माळांच्या कडेनें धनगरांचीं घरें. खाचराच्या बांधावर तूर, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, आणि घरामागच्या परसांत मांडवावर चढलेलीं दोडकी, पडवळ व काकडी. हें सर्व एका हांकेच्या अंतरांत! निवडक तणनाशक जन्मलें तें मैलोगणती पसरलेल्या एकाच धान्याच्या शेतासाठीं. तें ह्या गर्दींत कसें वागेल, हा प्रश्न त्याच्या जन्मदात्यांपुढें कधीं आलाच नव्हता.

पिढ्यान्‌पिढ्या ह्या भागांत तणाचा बंदोबस्त औषधावांचून होत आला. त्याचा आरंभ उन्हाळ्यांत राबापासून होई. भाताचें बीं ज्या तुकड्यांत पेरावयाचें तो तुकडा फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत पसरून भाजून काढीत. त्या आगीनें मातीच्या वरच्या थरांतलें तणाचें बीं जळून जातें. राखेचें खत मिळतें तें निराळें. राबासाठीं होणाऱ्या फांदीतोडीवरून इंग्रजी अमदानींत जंगलखात्याशीं कुळांचें भांडण वर्षानुवर्षें चाललें, आणि खात्याची तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. तथापि रोपवाटिकेंतलें तण मारण्याची त्याहून स्वस्त युक्ति त्या काळीं दुसरी नव्हती. पुढें पाऊस लागला म्हणजे चिखलणी. उगवलेलें गवत चिखलांत गाडलें जाई, त्यांत तीन-चार आठवड्यांचें रोप लावीत, आणि वर चार बोटें पाणी ठेवीत. भाताच्या मुळांपर्यंत हवा पोंचविण्याची सोय निसर्गानें त्याच्या दांड्यांतच केली आहे. बहुतेक रानगवतांच्या बियांना तशी सोय नाहीं. त्या पाण्याखालीं रुजत नाहींत.

एवढें होऊनही जें वर येतें त्यासाठीं बेणणी. घाटावर जिला निंदणी किंवा खुरपणी म्हणतात तिलाच कोंकणांत बेणणी हा शब्द आहे. हें काम बायकांचें. पूर्वीं डोईवर इरलें असे, आतां प्लॅस्टिकचा कागद असतो; कंबरेंत वांकून दिवसभर चिखलांत हिंडणें मात्र बदललेलें नाहीं. साव्याचें रोप भाताच्या रोपासारखें इतकें दिसतें कीं शहरांतल्या माणसाला दोन्हींतला फरक कळणार नाहीं. बेणणारी बाई पान आणि दांडा जेथें मिळतात त्या सांध्याकडे पाहते. भाताला तेथें एक पातळ पांढरी जीभ असते. साव्याला ती नसते. हें ज्ञान सासूकडून सुनेकडे बोटांवाटे आलेलें आहे. आणि उपटलेल्या प्रत्येक रोपाची वाटही ठरलेली. सावा गुरांपुढें, कुर्डूचे कोंवळे शेंडे भाजीसाठीं ओटींत, माका केंसांच्या तेलासाठीं बाजूस, उरलेलें बांधावर कुजत. तणाची एवढी बारीक निवड करणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं. वरकसावर तर पाणी उभेंच राहत नाहीं. तेथें नाचणी आणि वरी ह्यांना बेणणीवांचून तरणोपाय नव्हता.

हे हात आतां कमी झाले आहेत. महाड-पोलादपूरचा तरुण मुंबईच्या गिरण्यांत जाई तेव्हां शेत बायकांनीं सांभाळलें. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तरी मुंबईचा ओघ थांबला नाहीं. नोकरीचें रूप पालटलें एवढेंच, आणि पुढें पुढें सारें कुटुंबच शहरांत राहूं लागलें. गांवीं उरलेल्या वयस्क माणसांच्यानें बेणणी होत नाहीं, मजुरी परवडत नाहीं, आणि परवडली तरी मजूर मिळत नाहींत. मग मुंबईचा मुलगा पैसे पाठवितो आणि महाडच्या बाजारांतून बाटली येते. शेतकरी तिला औषध म्हणतो. मारावयाच्या वस्तूला औषध म्हणण्याची ही रीत मोठी बोलकी आहे.

त्या बाटल्यांतलें सर्वांत जुनें द्रव्य म्हणजे टू-फोर-डी. त्याचा इतिहास गवताच्या एका कोंबापासून सुरू होतो. कोंब उजेडाकडे कां वळतो, ह्यावरील आपले प्रयोग चार्ल्स डार्विन यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोंकाकडून कांहीं तरी खालीं उतरतें आणि तें वाढीला वळण लावतें, एवढें त्यांना दिसलें. १९२६ ते १९२८ च्या सुमारास हॉलंडांत फ्रिट्स वेन्ट यांनीं ओट ह्या धान्याच्या कोंबांतून तें द्रव्य अगराच्या ठोकळ्यांत उतरवून दाखविलें. त्याला ऑक्झिन हें नांव मिळालें. ऑक्झिन बेतानें असलें तर झाड वाढतें; फाजील झालें तर ती वाढच झाडाच्या मुळावर येते. १९४० सालीं इंग्लंडांत जिलट्स हिल येथील संशोधनकेंद्रांत विल्यम टेम्पलमन यांना आढळलें कीं, ह्याच जातीच्या एका कृत्रिम द्रव्यानें ओटाच्या शेतांतली रानमोहरी मरते आणि ओट तेवढा उभा राहतो. युद्धाचे दिवस होते, धान्याची टंचाई होती, शेतावरचे मजूर आघाडीवर गेले होते. शोध गुप्त ठेवण्यांत आला. १९४१ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट पोकॉर्नी यांनीं टू-फोर-डी तयार करण्याची कृति छापली. त्यांत तणाचा विचार नव्हता. १९४४ सालीं हॅम्नर आणि टुकी यांनीं तें द्रव्य चांदवेलीवर मारून पाहिलें आणि १९४५ सालीं तें बाजारांत आलें. हिंदुस्थानांत त्याची परीक्षा १९४६ सालींच झाली. त्यापूर्वीं १९३७ सालीं पंजाबांत सोमलाचा क्षार वापरून काटेरी रानकरडई मारण्याचा प्रयत्न झाला होता. तें विष मात्र तण आणि पीक असा भेद करणारें नव्हतें. माणूस आणि गुरें यांनाही तें सोडीत नसे.

टू-फोर-डी भेद करतें तो कसा? पानाच्या रुंदीची गोष्ट बाजारांत सोयीसाठीं सांगतात. खरा भेद कुळाचा आहे. भात, नाचणी, वरी, गहू, ऊस हीं सारीं गवताच्या कुळांतलीं, एकदल. त्यांचीं पानें उभीं, अरुंद आणि मेणचट, म्हणून फवाऱ्याचा थेंब घसरून पडतो. वाढीचा कोंब पानांच्या पोंगळींत, खोल जमिनीलगत लपलेला असतो. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पेशींत शिरलेल्या ह्या द्रव्याला लौकर निष्प्रभ करण्याची हातोटी ह्या कुळाजवळ आहे. रुंद पानांच्या द्विदल झाडांजवळ ती नाहीं. त्यांच्या पसरट पानावर थेंब बसतो, शेंडा उघडाच असतो, आणि द्रव्य अन्नरसाबरोबर मुळापर्यंत जातें. पेशी वेड्यावांकड्या वाढूं लागतात. कांहीं तासांत देंठ पिळवटतात, पानें मुरडतात. दोन-तीन आठवड्यांत झाड आपल्याच बेबंद वाढीनें मरतें. माका, पाणलवंग, कुर्डू, टाकळा हीं सगळीं ह्या रीतीनें जातात. लव्हाळ्याच्या कांहीं जातींनाही त्याची झळ लागते.

ह्यावरून दोन गोष्टी ओघानें येतात, आणि दुकानदार त्या सांगतोच असें नाहीं. पहिली ही कीं, भाताचा जो खरा शत्रु, तो सावा, ह्या औषधानें मरत नाहीं. तोही गवतच, भाताला जें अभय तेंच त्याला. उलट शेजारचीं रुंद पानें गेल्यावर त्याला जागा आणि खत दोन्ही अधिक मिळतात. एकच औषध वर्षानुवर्षें वापरलेल्या खाचरांत तणाचा चेहरामोहरा बदलून गवतेंच माजतात, असा अनुभव भाताच्या शेतींत जगभर आला आहे. साव्यासाठीं मागाहून दुसरीं द्रव्यें निघालीं. ब्यूटाक्लोर, प्रेटिलाक्लोर हीं लावणीनंतर थोडक्या दिवसांत, तण उगवण्यापूर्वीं टाकावयाचीं. बिसपायरिबॅक सोडियम हें सावा दोन-चार पानांवर असतांना फवारावयाचें. प्रत्येकाचा काळ वेगळा, आणि काळ चुकला म्हणजे पैसे पाण्यांत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बांधावरची तूर द्विदल आहे, वाल द्विदल आहे, परसांतली काकडी, वांगें, मिरची सारीं द्विदल आहेत. खाचरांतल्या माक्याला जो न्याय तोच त्यांनाही. टू-फोर-डीच्या कांहीं प्रकारांची, विशेषतः एस्टर म्हणून जे विकतात त्यांची, उन्हांत वाफ होते आणि वाऱ्याबरोबर ती शेजारच्या शेतांत जाते. खाचर चार गुंठ्यांचें आणि बांध दोन हातांचा असेल तर तुरीला वांचविणें फवारणाऱ्याच्या हातांत फारसें राहत नाहीं. तेथें सोडियम किंवा अमाइन क्षार वापरावा, तो असा उडून जात नाहीं. पण वाऱ्यानें उडालेला थेंब कोणत्याही प्रकाराचा असला तरी थेंबच. वालाबद्दल मात्र एक धीर देतां येतो. जमिनींतील सूक्ष्म जंतू ह्या द्रव्याचें कांहीं आठवड्यांत विघटन करतात, म्हणून जुलै-ऑगस्टमधील फवारणीचा जाच भातकापणीनंतर पेरलेल्या वालाला सहसा होत नाहीं.

परसांतल्या भाजीचा घात बहुधा वाऱ्यानें होत नाहीं, पंपानें होतो. पाठीवरचा पंप घरांत एकच. आज त्यांतून खाचरांत तणनाशक, पंधरा दिवसांनीं त्यांतूनच वांग्यावर किडीचें औषध. टू-फोर-डीचा अंश नळींत, गाळणींत, तोटींत चिकटून राहतो, आणि वांग्याचीं पानें मुरडूं लागलीं म्हणजे घरांतली माणसें रोग कोणता म्हणून शोधीत बसतात. तणनाशकाला पंप निराळाच ठेवावा. तें शक्य नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तो अनेक वेळां धुवावा, आणि तें धुवण विहिरींत किंवा ओढ्यांत जाऊं देऊं नये. ज्यांच्या महाडकडच्या शेताला शहरांतून पैसे जातात त्यांनीं बाटलीच्या किंमतींत दुसऱ्या पंपाची किंमतही धरलेली बरी.

आतां पावसाची अडचण. हें औषध पानांत मुरण्यास चार-सहा तास कोरडे लागतात. त्याच्या आधीं खाचरांतलें पाणी उतरवून तण उघडें करावें लागतें, आणि दोन-तीन दिवसांनीं पाणी पुन्हां घ्यावें लागतें. लावणीनंतर सुमारें तीन ते पांच आठवडे हा त्याचा काळ. त्यापूर्वीं भाताचें रोप कोंवळें असतें. त्यानंतर पोटांत लोंबी धरूं लागते, आणि त्या वेळीं गवताचें अभयही पुरें पडत नाहीं, लोंबी वेडीवांकडी निघते. महाडांत हा काळ ऐन जुलै-ऑगस्टांत येतो. सह्याद्रीच्या कुशींत त्या दिवसांत सहा तासांची उघडीप मिळणें म्हणजे देवाची कृपाच. उघडिपीची वाट पाहतां पाहतां काळ टळतो, किंवा धीर सुटून भरल्या आभाळाखालीं फवारणी होते आणि तासाभरांत सारें औषध सावित्रीच्या वाटेला लागतें. वरकसाच्या उतारावर तर तें वाहून जाण्यास तासही नको. देशावर कोरड्या हवेंत झालेल्या फवारणीच्या यशावरून येथील हिशेब मांडणें चुकीचें होय.

फवारणाऱ्याच्या प्रकृतीविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्यानें जंगलांवर जें एजंट ऑरेंज टाकलें त्याचा निम्मा भाग टू-फोर-डी होता. त्यांतील महाभयंकर डायॉक्सिन हें दुसऱ्या निम्म्या भागांतून, टू-फोर-फाइव्ह-टी ह्या द्रव्यांतून, आलेलें होतें. दोन्हींना एकाच पारड्यांत घालणें न्यायाचें नाहीं. पण म्हणून पहिलें निरुपद्रवी ठरत नाहीं. कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१५ सालीं त्याची गणना कर्करोगास कारण होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली, आणि डोळ्यांत गेल्यास तें तीव्र इजा करतें हें तर निर्विवाद आहे. कोंकणच्या दमट हवेंत अनवाणी, उघड्या हातांनीं, धोतराचा सोगा तोंडाला गुंडाळून फवारणी करणारा शेतकरी बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचण्याच्या स्थितींत नसतो.

रायगड जिल्ह्यांतच, नेरळजवळ सगुणा बाग येथें, चंद्रशेखर भडसावळे यांनीं भातासाठीं एक नवी पद्धति बसविली. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. कायमचे गादीवाफे करावयाचे, नांगरणी नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. बीं टोंचून पेरावयाचें आणि मागील पिकाचीं मुळें जमिनींतच ठेवावयाचीं. माती वाहून जात नाहीं, मजुरी वांचते, कंबर वांचते. ह्या पद्धतीचें कौतुक योग्यच आहे. मात्र चिखलणीचें पाणी जें तण मारीत असे तें काम येथें तणनाशकावर येऊन पडतें, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) संशोधनांत भाताच्या तणनियंत्रणाला स्थान मिळत आलें आहे. कोंकणांतल्या शेतकऱ्यानें मात्रा आणि वेळ तेथून विचारून घ्यावी, दुकानांतून नव्हे. खाचराच्या मध्यभागीं, एकदां, योग्य उघडिपींत मारलेलें औषध आणि उरलेल्या साव्यासाठीं हाताची एक बेणणी, ही तडजोड हातांच्या आजच्या टंचाईंत वाजवी दिसते. बांध आणि परस ह्यांच्यापासून तें दूर ठेवावें.

गवताच्या माळांची गोष्ट वेगळी आहे. पीक गवताचें आणि शत्रु रुंद पानांचे, म्हणजे ह्या औषधाला कागदावर ह्याहून सोईची जागा नाहीं. शहरांतील लोकांना गाजरगवत ठाऊक आहे. १९५६ सालीं पुण्याहून त्याची पहिली शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढें १९८४ सालीं बंगळूराकडे त्याच्यावर मेक्सिकोंतून आणलेला भुंगा सोडण्यांत आला. कोंकणच्या डोंगरांत त्याच्याहून अधिक त्रास रानमोडीचा. हें झुडूपही अमेरिकेंतलेंच. गुरें त्याला तोंड लावीत नाहींत, उन्हाळ्यांत तें वाळून वणव्याला सरपण होतें, आणि जळाल्यावर बुंध्यांतून पुन्हां फुटतें. जून झालेल्या रानमोडीचा एका फवारणीनें निकाल लागत नाहीं. ती पहिल्या पावसांत, जमीन मऊ असतांना, मुळासकट उपटण्याचे श्रम टळत नाहींत.

टाकळा त्या मानानें गरीब. एका पावसाळ्याचें आयुष्य, कोंवळेपणीं टू-फोर-डीनें खात्रीनें मरतो. परंतु माळावर केवळ गवत आणि टाकळा एवढेंच नसतें. कवळा आणि रानमूग यांसारख्या शेंगवर्गीय वनस्पति गवतांत मिसळून असतात. गुरांच्या चाऱ्यांतलें सत्त्व त्यांच्यामुळें वाढतें, आणि त्या टाकळ्याबरोबरच मरतात. कवळा तर माणसांच्याही भाजीचा. आणखी एक गोष्ट शहरांतल्या स्वयंपाकघराच्या जवळची आहे. माळावर औषध मारलें आहे अशी पाटी कोणी लावीत नाहीं. फवारलेला टाकळा पहिले कांहीं तास ताजा हिरवागार दिसतो. देंठ मुरडण्यापूर्वीं कोणी तो खुडला, जुड्या बांधल्या आणि सकाळच्या गाडीला घातला, तर घेणाऱ्याला आणि विकणारीला दोघींनाही त्याचा पत्ता लागावयाचा नाहीं. म्हणून ज्या वाडीच्या माळावर फवारणी व्हावयाची तेथें आदल्या दिवशीं घरोघर सांगणें, आणि भाजी व गुरें दोन्ही त्या माळापासून दूर ठेवणें, एवढें तरी झालेंच पाहिजे.

टाकळ्याला खरा उपाय विळ्याचा. श्रावण-भाद्रपदांत तो पिवळ्या फुलावर येतो. शेंग भरण्यापूर्वीं जमिनीलगत कापला तर त्या वर्षीं बीं पडत नाहीं. वर कापला तर खालच्या डोळ्यांतून फुटतो आणि बुटकाच राहून शेंगा धरतो. बीं कठीण कवचाचें, जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहणारें. तेव्हां माळ एका वर्षांत साफ होत नाहीं, लागोपाठ कित्येक पावसाळे कापावा लागतो. जूनमध्यें बायका त्याचा पाला भाजीला खुडतात त्यानें टाकळा कमी होतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. शेंडा खुडला कीं त्याला दोन फांद्या फुटतात.